सातबारावरील अनपेक्षित बदल : आधी माग, मग दुरुस्ती

ग्रामीण महाराष्ट्रात सातबाराच्या उताऱ्याइतका परिचित शासकीय कागद दुसरा नाही. पीककर्ज घ्यावयाचे असो, भूसंपादनाचा मोबदला मिळवावयाचा असो, विहिरीवर वीजजोडणी हवी असो किंवा वडिलांच्या पश्चात भावाभावांत वाटणी करावयाची असो, प्रत्येक वेळी हा कागद पुढे करावा लागतो. त्यावरील नाव, क्षेत्र किंवा हिस्सा एखाद्या दिवशी पूर्वीपेक्षा वेगळा दिसला, तर खातेदाराची झोप उडावी हे स्वाभाविक आहे. अशा वेळी दोन मागण्या एकदम पुढे येतात. उतारा ताबडतोब पूर्ववत करावा, ही पहिली. आणि ज्या पद्धतीने हा बदल झाला ती पद्धतच बदलावी, ही दुसरी.

दोन्ही मागण्यांमागील तळमळ समजण्यासारखी आहे. तथापि बदल कोठे झाला, केव्हा झाला, कोणाच्या हातून आणि कोणत्या आधारावर झाला, याचा छडा लागण्यापूर्वी केलेली दुरुस्ती पुष्कळदा दुसऱ्या चुकीला जन्म देते. एका उताऱ्यापुरते हे जितके खरे आहे, तितकेच ते संपूर्ण राज्याच्या संगणक प्रणालीबाबतही खरे आहे. राज्यात ३५८ तालुके असून सातबारांची संख्या सुमारे अडीच कोटी आहे. एवढ्या मोठ्या अभिलेखाचे काम ज्या प्रणालीवर चालते, तिचा एक नियम घाईने सैल केला किंवा आवळला, तर त्याचे परिणाम एका गावापुरते राहत नाहीत. म्हणून बदलाचा माग काढण्याचे शास्त्र समजून घेणे खातेदाराला आणि कर्मचाऱ्याला सारखेच उपयुक्त आहे.

रकाना तसा मार्ग

सातबारा हा एक कागद दिसत असला, तरी तो दोन नमुन्यांचा मिळून बनलेला आहे. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख. त्यात भूमापन क्रमांक किंवा गट क्रमांक, क्षेत्र, आकार, भोगवटादाराचे नाव, खाते क्रमांक आणि इतर हक्क यांची नोंद असते. गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. या दोहोंच्या पाठीशी आणखी नोंदवह्या उभ्या असतात. फेरफारांची नोंदवही हा गाव नमुना सहा होय. विवादग्रस्त प्रकरणांसाठी सहा-अ, वारसांसाठी सहा-क आणि खातेदाराच्या एकूण धारण जमिनीसाठी आठ-अ असे नमुने आहेत. गावाच्या प्रत्येक भूमापन क्रमांकाचे क्षेत्र व आकार दाखविणारा आकारबंद हा या सर्वांचा पाया होय.

माग काढताना ध्यानात ठेवण्याची पहिली गोष्ट अशी की, प्रत्येक रकाना वेगळ्या वाटेने बदलतो. भोगवटादाराचे नाव किंवा हिस्सा बदलावयाचा, तर त्यासाठी फेरफार नोंद लागते. बँकेचा अथवा सहकारी संस्थेचा बोजा इतर हक्कांत चढतो तो फेरफारानेच, आणि उतरतो तोही फेरफारानेच. क्षेत्राचा आकडा बदलण्यामागे पुष्कळदा मोजणी, पोटहिस्सा किंवा भूमि अभिलेख खात्याचे कमी-जास्त पत्रक असते. याउलट पिकाचा रकाना फेरफाराने बदलत नाही. तो हंगामागणिक पीक पाहणीने भरला जातो. १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला भ्रमणध्वनीवरून आपल्या पिकाची नोंद स्वतः करता येऊ लागली.

यावरून एक साधा निष्कर्ष निघतो. उताऱ्यावर सोयाबीनऐवजी तूर दिसली, तर फेरफार नोंदवही चाळण्यात अर्थ नाही. आणि नाव गाळले गेले असेल, तर पीक पाहणीची चौकशी करून काही हाती लागणार नाही. कोणता रकाना बदलला हे निश्चित झाले की शोधाची दिशा अर्धी ठरते.

नोंदीचा प्रवास

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १४८ ते १५९ यांच्या आसपास अधिकार अभिलेखाची व्यवस्था गुंफलेली आहे. वारसाहक्काने, वाटणीने किंवा अन्य प्रकारे जमिनीत हक्क प्राप्त झाल्यास तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावे, असे कलम १४९ सांगते. नोंदणीकृत दस्ताने हक्क मिळाला असेल, तर ती माहिती नोंदणी अधिकाऱ्याकडून महसूल यंत्रणेकडे येते. त्याची तरतूद कलम १५४ मध्ये आहे. पूर्वी ही माहिती कागदी सूचीच्या रूपाने टपालातून येत असे. आता दुय्यम निबंधक कार्यालयातील प्रणालीमधून ती थेट ई-फेरफार प्रणालीत उतरते.

त्यानंतर कलम १५० प्रमाणे तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद घेतो. या पदाला २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी असे नाव देण्यात आले. परंतु लोकांच्या बोलण्यात तलाठी हाच शब्द रूढ आहे. नोंद घेताच तिची संपूर्ण प्रत चावडीवर ठळक जागी लावावयाची असते आणि ज्यांचा त्या नोंदीशी संबंध आहे अशा सर्वांना लेखी सूचना द्यावयाची असते. हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. हरकत आली, तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते व तिच्यावर सुनावणी होते. हरकत नसेल, तर अव्वल कारकुनापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारी, म्हणजे व्यवहारात बहुधा मंडळ अधिकारी, नोंद तपासून ती प्रमाणित करतो. प्रमाणित झालेल्या नोंदीचाच अंमल नमुना सातवर होतो.

या प्रवासातील प्रत्येक टप्प्याला एक व्यक्ती, एक दिनांक आणि एक कागद जोडलेला असतो. कळविणारा कोण, नोंद घेणारा कोण, सूचना कोणाला व केव्हा मिळाली, प्रमाणित कोणी केले, या चार प्रश्नांची उत्तरे ज्या बदलापाठीमागे सापडतात तो बदल अनपेक्षित वाटला, तरी निराधार नसतो. ज्याच्यामागे यांपैकी एखादे उत्तर सापडत नाही, तेथे खरी चौकशी सुरू होते.

जुन्या वहीची शिस्त

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा स्वतंत्र कायदा १९०३ मध्ये झाला आणि १९१३ मध्ये त्या तरतुदी जमीन महसूल कायद्यात समाविष्ट करण्यात आल्या. १९६६ ची संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली आणि अधिकार अभिलेख व नोंदवह्या तयार करणे व सुस्थितीत ठेवणे यांविषयीचे नियम १९७१ मध्ये करण्यात आले. या दीर्घ काळात हस्तलिखित वहीने एक शिस्त जोपासली होती. जुने नाव खोडून टाकावयाचे नाही, तर त्याला कंस करावयाचा; नव्या नावाशेजारी फेरफार क्रमांक वर्तुळात लिहावयाचा; आणि प्रमाणित न झालेली नोंद पेन्सिलीने, तर प्रमाणित झालेली शाईने ठेवावयाची. त्यामुळे एकाच पानावर आजचा हक्क दिसे आणि त्याच्याखाली कालचाही वाचता येई. ‘नावाला कंस झाला’ हा ग्रामीण बोलीतील वाक्प्रयोग याच पद्धतीतून आलेला आहे.

ही पद्धत निर्दोष होती असे मात्र नव्हे. पाने जीर्ण होत, अक्षर लागत नसे, आणि ठरावीक वर्षांनी सातबाराचे पुनर्लेखन करताना एखादे नाव, एखादा शून्य, एखादा पोटहिस्सा निसटून जाई. शिवाय १९४७ च्या कायद्याखालील एकत्रीकरण योजनेमुळे अनेक गावांत भूमापन क्रमांकांच्या जागी गट क्रमांक आले आणि क्षेत्रांची नव्याने मांडणी झाली. जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट यांचा मेळ न लावता केलेली तुलना आजही अनेक गैरसमजांना कारण होते.

वही ते संगणक

भूमि अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र पुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्ह्याचा समावेश होता. २००८ मध्ये भूमि अभिलेख आधुनिकीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेण्यात आला. राज्यात पुढे ई-फेरफार प्रणाली आली. हस्तलिखित सातबारा आणि संगणकावरील सातबारा तंतोतंत जुळावा, यासाठी तपासणीची मोठी मोहीम घेण्यात आली आणि २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन करून खातेदारांना त्यांच्या नोंदी वाचून दाखविण्यात आल्या. मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे उतारे घरबसल्या मिळू लागले.

सप्टेंबर २०२० मध्ये उताऱ्याच्या नमुन्यातच सुधारणा करण्यात आल्या. त्यांपैकी एक सुधारणा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक, तसेच प्रलंबित फेरफार, हे उताऱ्यावरच दाखविण्याची सोय झाली. म्हणजे या कागदावर शेवटचा हात केव्हा फिरला, याचे उत्तर कागद स्वतःच देऊ लागला. जुन्या वहीतील वर्तुळातला क्रमांक नव्या रूपात परत आला, असेही म्हणता येईल.

बदल कोणत्या कारणांनी होतो ?

अनपेक्षित वाटणाऱ्या बदलांची कारणे स्थूलमानाने पाच प्रकारची असतात.

पहिला प्रकार म्हणजे कायदेशीर, परंतु खातेदाराच्या ध्यानात न राहिलेला बदल. बहिणीने करून दिलेले हक्कसोडपत्र, न्यायालयाचा हुकूमनामा, भूसंपादनाचा निवाडा किंवा मोजणीनंतरचे कमी-जास्त पत्रक यांच्या आधारे रीतसर नोंद झालेली असते. परंतु नोकरीनिमित्त बाहेरगावी राहणाऱ्या सहहिस्सेदाराला तिचा पत्ता नसतो.

दुसरा प्रकार म्हणजे पुनर्लेखनातील चूक. ती चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची असू शकते आणि आज उतारा बारकाईने पाहिला म्हणून आज उघडकीस येते.

तिसरा प्रकार म्हणजे वहीतून संगणकात माहिती भरताना झालेली चूक. मूळ वही बरोबर, परंतु टंकलिखित आकडा वेगळा, असे तिचे स्वरूप असते.

चौथा प्रकार म्हणजे नोंद घेताना किंवा प्रमाणित करताना झालेला दोष. एका गटाऐवजी दुसरा गट निवडला गेला, किंवा संबंधितास सूचना न देताच नोंद मंजूर झाली, तर दोष प्रणालीचा नसून कार्यवाहीचा असतो.

पाचवा प्रकार म्हणजे प्रणालीच्या नियमामुळे घडलेला बदल. आकडे पूर्णांकात आणणे, एककांचे रूपांतर, बेरजेची पडताळणी अशा गोष्टी संगणक ठरवून दिलेल्या नियमानुसार करतो. नियमातच उणीव असेल, तर कोणाचीही चूक नसताना उतारा बदललेला दिसतो.

या पाचांपैकी केवळ पाचव्या प्रकारात प्रणालीच्या मांडणीत, म्हणजे रूढ शब्दांत तिच्या सेटिंगमध्ये, बदल करणे हा उपाय ठरतो. उरलेल्या चारांसाठी प्रणाली बदलणे म्हणजे डोकेदुखीवर पोटाचे औषध देण्यासारखे आहे.

माग काढण्याची रीत

शोधाची सुरुवात दोन उताऱ्यांपासून करावी. ज्या जुन्या उताऱ्यावर नोंद बरोबर होती तो एक, आणि ज्यावर ती बदललेली दिसते तो दुसरा. दोन्ही शेजारी ठेवून रकान्यामागून रकाना ताडून पाहावा व फरक कागदावर उतरवून काढावा. ‘सगळेच चुकले आहे’ या तक्रारीपेक्षा ‘खाते क्रमांक तोच, नावे तीच, पण क्षेत्र वेगळे’ हे वाक्य तपासणाऱ्याला कितीतरी अधिक सांगून जाते.

दुसरी पायरी कालावधी निश्चित करण्याची. दोन्ही उताऱ्यांवरील फेरफार क्रमांक पाहिले, की मधल्या काळात कोणते फेरफार झाले ते कळते. त्या प्रत्येक फेरफाराची नमुना सहामधील नोंद वाचावी. तिच्यात व्यवहाराचे स्वरूप, दस्ताचा किंवा आदेशाचा उल्लेख, सूचनेचा दिनांक आणि प्रमाणित करणाऱ्याचा शेरा असतो. जुन्या वह्यांची छायांकित पाने ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर, तर चालू फेरफारांच्या सूचना ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर पाहण्याची सोय शासनाने केली आहे.

समजा, जुन्या उताऱ्यावर चार भावंडांची नावे आहेत आणि नव्यावर तीनच आहेत. मधल्या काळातील एका फेरफारात नोंदणीकृत हक्कसोडपत्राचा उल्लेख सापडला, तर शोध तेथेच संपतो. दस्ताविषयी वाद असल्यास तो वेगळा विषय होय. परंतु मधल्या एकाही फेरफारात चौथे नाव कमी करण्याचा उल्लेख नसेल, तर नाव कोणत्याही आदेशाने गेलेले नाही, ते केवळ गळून पडले आहे, असे अनुमान निघते. मग हस्तलिखित सातबाराचे शेवटचे पान पाहावे. त्यावर चार नावे असतील, तर चूक संगणकात भरताना झाली. तीनच असतील, तर ती त्यापूर्वीच्या पुनर्लेखनात झाली. अशा रीतीने एकेक टप्पा मागे सरकत गेल्यास शेवटचे बरोबर पान आणि पहिले चुकलेले पान ही दोन पाने समोरासमोर येतात. माग लागला असे म्हणावयाचे ते तेव्हाच.

क्षेत्राच्या बाबतीत तिसरी कसोटी हाताशी असते, ती म्हणजे हिशेबाची. जुने दप्तर एकर-गुंठ्यांत आहे आणि नवे हेक्टर-आरमध्ये. ४० गुंठ्यांचा एक एकर आणि १०० आरचा एक हेक्टर. जुन्या पानावरील १ एकर २० गुंठे म्हणजे ६० गुंठे, अर्थात सुमारे ०.६०.७० हेक्टर आर चौरस मीटर. हाच आकडा १.२० असा वाचून हेक्टर म्हणून उतरविला, तर क्षेत्र जवळजवळ दुप्पट होते. बेरजेतही असाच सापळा आहे. १ एकर २५ गुंठे आणि १ एकर २५ गुंठे यांची बेरीज ३ एकर १० गुंठे होते. दशांश समजून केली, तर ती २.५० दिसते. अशी चूक ओळखण्याची खूण सोपी आहे. एका गटाचे क्षेत्र वाढले, की सर्व गटांची बेरीज आकारबंदातील गावाच्या एकूण क्षेत्राशी जुळत नाही. जमीन वाढत नसते. वाढतो तो आकडाच.

एक खाते की अनेक खाती ?

बदल कोठून आला हे कळण्यासाठी तपासणाऱ्याने आणखी एक प्रश्न विचारणे अगत्याचे असते. असाच बदल दुसरीकडे कोठे दिसतो काय ? एकाच गटात, एकाच खातेदाराच्या बाबतीत तो दिसत असेल, तर कारण बहुधा त्या नोंदीतच असते. एका सज्जातील अनेक गटांत, परंतु वेगवेगळ्या रूपांत दिसत असेल, तर त्या काळातील नोंदी घेण्याच्या पद्धतीकडे पाहावे लागते. मात्र अनेक तालुक्यांत, एकाच दिवसापासून, एकाच रकान्यात, एकाच प्रमाणात फरक पडलेला आढळला, तर प्रणालीतील नियमाकडे बोट जाते. त्या दिवशी किंवा त्याच्या आदल्या दिवशी प्रणालीत काय बदलले होते, हे पाहणे तेव्हा आवश्यक ठरते.

यासाठी तक्रारी सुट्या सुट्या निकालात काढण्याऐवजी त्यांची एक साधी नोंदवही ठेवणे हितावह होय. गाव, गट, रकाना, जुनी नोंद, नवी नोंद, फेरफार क्रमांक, बदल आढळल्याचा दिनांक आणि बदल झाल्याचा दिनांक, एवढे आठ रकाने पुरेसे आहेत. शेवटचे दोन दिनांक वेगवेगळे लिहिण्यात मर्म आहे. चूक दिसली आज म्हणून ती आजच झाली असे समजणे, ही तपासणीतील सर्वांत सर्रास आढळणारी फसगत होय.

मांडणी बदलण्यापूर्वी

घाईच्या दुरुस्तीने काय होते, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एक हेक्टर, म्हणजे १०,००० चौरस मीटर जमीन तीन भावांत समान वाटावयाची आहे. प्रत्येकाच्या वाट्याला ०.३३.३३ येते आणि तिघांची बेरीज ०.९९.९९ होते. एक चौरस मीटर उरतो. खात्यांची बेरीज गटाच्या क्षेत्राशी जुळलीच पाहिजे, असा नियम प्रणालीत असेल, तर ही नोंद पुढे सरकत नाही. मग काम उरकण्यासाठी कोणी एका भावाच्या नावावर तो चौरस मीटर चढवितो. उतारा हाती आल्यावर दुसरा भाऊ विचारतो, त्याचे क्षेत्र जास्त कसे ? तक्रारी वाढतात आणि मागणी होते की, पडताळणीचा नियम सैल करावा. एका आरपर्यंतचा फरक चालू द्यावा.

वरकरणी ही मागणी रास्त वाटते. परंतु एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. ०.४०.५० ऐवजी ०.४०.०५ असे चुकून टंकलिखित झाले, तर फरक पडतो ४५ चौरस मीटरचा. सैल केलेल्या नियमाच्या चाळणीतून ही खरी चूक बिनबोभाट निसटून जाईल. तिघांची अडचण दूर करताना इतर असंख्य खातेदारांचे संरक्षण काढून घेतल्यासारखे होईल. याउलट माग नीट काढला, तर असे दिसते की, अडचण केवळ भागाकारातून उरणाऱ्या बाकीची आहे. आणि समान वाटपात ही बाकी खातेदारांच्या संख्येपेक्षा नेहमी कमीच असते. तीन खातेदारांत ती २ चौरस मीटरपेक्षा जास्त असूच शकत नाही. म्हणून उपाय असा की, पडताळणी जशीच्या तशी ठेवावी आणि उरलेली बाकी सर्व हिस्सेदारांच्या लेखी संमतीने कोणाच्या खाती दाखवावयाची एवढेच नोंदीत स्पष्ट लिहावे. कारण कळल्यावर उपाय किती लहान होतो, याचे हे उदाहरण आहे.

घाईच्या बदलाचा दुसरा तोटा याहून सूक्ष्म आहे. प्रणालीची मांडणी बदलली, की बदलापूर्वीच्या आणि नंतरच्या नोंदी वेगवेगळ्या नियमांनी तयार झालेल्या असतात. मूळ चूक कोठून आली हे शोधू पाहणाऱ्याला मग दोन चुकांचे मिश्रण हाती येते आणि माग पुसट होतो. पोलीस पंचनामा होईपर्यंत जागा हलवू देत नाहीत, त्यामागील तत्त्व येथेही लागू पडते.

यास्तव मांडणीत बदल करावयाचाच असेल, तर काही पथ्ये पाळणे इष्ट होय. प्रथम चालू स्थितीची संपूर्ण प्रत सुरक्षित ठेवावी. कोणता नियम बदलत आहे, का बदलत आहे आणि कोणाच्या मान्यतेने बदलत आहे, याची लेखी टिप्पणी करावी. एका वेळी एकच नियम बदलावा. दोन एकदम बदलले, तर परिणाम कोणाचा ते कळत नाही. बदल प्रथम नोंदींच्या चाचणी प्रतीवर करून पाहावा, नंतर एखाद्या गावापुरता. त्या गावाच्या क्षेत्राची बेरीज, खात्यांची संख्या आणि प्रलंबित फेरफारांची संख्या बदलापूर्वी व बदलानंतर ताडून पाहावी. जे बदलावयास हवे होते तेवढेच बदलले आणि बाकीचे जसेच्या तसे राहिले, अशी खात्री पटल्यावरच तो तालुक्याला व जिल्ह्याला लागू करावा. आणि काही विपरीत आढळल्यास पूर्वस्थितीवर कसे यावयाचे, हे आधीच ठरवून ठेवावे.

दुरुस्तीचा कायदेशीर मार्ग

माग लागल्यानंतरची दुरुस्तीही मनास येईल तशी करता येत नाही. संहितेच्या कलम १५५ प्रमाणे लेखनप्रमाद आणि ज्या चुका झाल्याचे संबंधित पक्ष मान्य करतात अशा चुका दुरुस्त करता येतात. महसूल अधिकाऱ्याच्या स्वतःच्या तपासणीत चूक आढळली असेल, तर संबंधितांना सूचना देऊन आणि हरकतींचा निर्णय करूनच ती दुरुस्त करावी लागते. म्हणजे चुकीने गेलेले नाव परत आणण्यासाठीसुद्धा सूचना, सुनावणी आणि आदेश हा क्रम चुकत नाही. हा विलंब कित्येकांना जाचक वाटतो. परंतु आज जो नियम एकाचे काम थांबवितो, तोच उद्या त्याचे नाव गुपचूप काढले जाण्यापासून त्याला वाचवितो.

पक्षांमध्ये खराच वाद असेल, तर कलम १५५ चा मार्ग उपयोगी पडत नाही. फेरफाराच्या निर्णयाविरुद्ध कलम २४७ अन्वये वरिष्ठ महसूल अधिकाऱ्याकडे अपील करता येते. जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने दिलेल्या आदेशासाठी अपिलाची मुदत ६० दिवस आहे. कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील व प्रमाणित फेरफारातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. तथापि फेरफार नोंदीने मालकी निर्माण होत नाही किंवा नाहीशीही होत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सावर्णी विरुद्ध इंदर कौर या प्रकरणात स्पष्ट केले आहे. मालकीचा अंतिम निर्णय दिवाणी न्यायालयाचा असतो. म्हणून उताऱ्यावरील नाव गळाले याचा अर्थ जमीन गेली असा होत नाही. मात्र ते गळलेलेच राहू दिले, तर कर्ज, मोबदला आणि वारसा या प्रत्येक टप्प्यावर अडथळा उभा राहतो, हेही तितकेच खरे.

खातेदाराची जागरूकता

अभिलेख अचूक राखण्याची जबाबदारी शासनाची आहे; पण आपली नोंद आपल्याइतक्या आस्थेने दुसरे कोणी वाचणार नाही, हे खातेदाराने ओळखले पाहिजे. वर्षातून एकदा, शक्यतो खरिपाच्या कर्जाची घाई सुरू होण्यापूर्वी, सातबारा आणि आठ-अ काढून मागील वर्षाच्या प्रतीशी ताडून पाहावे. जुने उतारे टाकून देऊ नयेत; माग काढताना तेच पहिले साक्षीदार असतात. नाव, क्षेत्र, इतर हक्क आणि शेवटचा फेरफार क्रमांक या चार ठिकाणी नजर टाकण्यास पाच मिनिटे पुरतात. सूचना घरी आली, तर ती न वाचता बाजूला ठेवू नये. हरकतीचे पंधरा दिवस पाहता पाहता निघून जातात. बाहेरगावी राहणाऱ्यांनी गावच्या चालू फेरफारांवर संकेतस्थळावरून लक्ष ठेवावे. तक्रार करताना जुनी व नवी प्रत जोडावी आणि फरक कोणत्या रकान्यात आहे ते नेमक्या शब्दांत लिहावे.

कर्मचाऱ्यांच्या बाजूने पाहता, तक्रार म्हणजे आरोप नव्हे तर माहिती होय, ही दृष्टी ठेवणे आवश्यक आहे. दहा तक्रारींत एकच आकृती दिसू लागते तेव्हा ती प्रणालीच्या सुधारणेची वाट दाखविते. आणि ती दिसत नाही तेव्हा प्रणालीला हात न लावता नोंदच दुरुस्त करावी, हेही तीच सांगते.

शंभराहून अधिक वर्षे गावच्या नोंदवहीने जो नियम पाळला, तो आजही तितकाच लागू आहे. जुन्या नावाला कंस करावा, ते खोडू नये. वही जाऊन संगणक आला, शाई जाऊन डिजिटल स्वाक्षरी आली. पण कालचे काय होते हे आज वाचता आले पाहिजे, ही अपेक्षा बदललेली नाही. ज्या अभिलेखात प्रत्येक बदलाचा माग शाबूत राहतो, त्यातील चूक केव्हाही दुरुस्त करता येते. म्हणून बदल कोठून आला हे आधी पाहावे, आणि काय बदलावयाचे ते मग ठरवावे. खातेदाराच्या जमिनीचे आणि शासनाच्या विश्वासार्हतेचे रक्षण त्यातच आहे.